गोष्टीआधी शब्दाचे वय विचारावे

पत्र (संक्षिप्त) : मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. परिपाठानंतर रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक सहसा न भेटणारा इंग्रजी शब्द लिहिते, त्याचा अर्थ सांगते आणि तो शब्द कसा जन्माला आला याची गोष्ट सांगते. या गोष्टी मला बहुतेक व्हॉट्सॲपवर मिळतात. ‘पॉश’ या शब्दाची जहाजाच्या तिकिटाची गोष्ट सांगितली, तेव्हा नववीतल्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी ती खोटी असल्याचे कोशातून उतरवून आणले. आता प्रत्येक शब्दाला ‘बाई, हे खरं कशावरून?’ असा प्रश्न येतो आणि माझ्याजवळ उत्तर नसते. सहकारी म्हणतात, गोष्ट रंजक असली आणि शब्द लक्षात राहिला म्हणजे झाले. मला ते पटत नाही. मग खरे-खोटे ओळखायचे कसे? की उपक्रमच बंद करावा? मुलांना पंचेचाळीस अक्षरी शब्दांचे भारी वेड आहे, तसले शब्द द्यावेत का? आणि ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’, तर ‘मॉन्गूस’चे काय, हा त्याच मुलाचा प्रश्नही बाकी आहे.

उत्तर :

स. न. वि. वि.

उपक्रम बंद करू नये, हे सर्वप्रथम सांगतो. नववीतला मुलगा घरी जाऊन बाईंनी सांगितलेल्या शब्दाची कोशात शहानिशा करतो, हे आपल्या उपक्रमाला मिळालेले सर्वांत चांगले प्रशस्तिपत्र आहे. आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र मलाही मान्य नाही. गोष्ट लक्षात राहण्यासाठी ती खोटी असावी लागते असे नाही. इंग्रजी शब्दांचे खरे इतिहास इतके चमत्कारिक आहेत की त्यांच्यापुढे व्हॉट्सॲपवरच्या रचलेल्या कथा फिक्या पडाव्यात. अडचण एवढीच की खरा इतिहास शोधावा लागतो आणि रचलेली कथा आपण होऊन घरी येते.

पारख करण्याची पहिली आणि बहुतेक वेळा पुरेशी पडणारी रीत सोपी आहे : गोष्ट ऐकण्यापूर्वी शब्दाचे वय विचारावे. शाळेत प्रवेश देताना मुलाचे वय आपण पालकांच्या सांगण्यावरून लिहून घेत नाही, जन्मदाखला मागता. शब्दाच्या बाबतीत हा दाखला म्हणजे लिखित मजकुरात सापडलेला त्याचा सर्वांत जुना, सालासह नोंदलेला वापर. इंग्रजीच्या बाबतीत असे दाखले विपुल आहेत, आणि त्यामागे मोठे कष्ट आहेत. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने १८५७ साली नव्या कोशाचा विचार सुरू केला, तेव्हा शब्दाचा इतिहास अवतरणांच्या आधारे सांगायचा असे तत्त्व तिने स्वीकारले. मग शेकडो स्वयंसेवी वाचकांनी जुनी पुस्तके, पत्रे, कायदे आणि वर्तमानपत्रे वाचून काढली व एकेका शब्दाचे वाक्य सालासह चिठ्ठीवर उतरवून संपादकांकडे धाडले. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. मरे तोवर हयातही नव्हते. हाच पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून ओळखला गेला. त्यात प्रत्येक अर्थाखाली वाक्ये कालक्रमाने लावलेली असतात, त्यामुळे कोणतीही व्युत्पत्तिकथा समोर आली की ती दोन तारखांवर घासून पाहता येते. शब्द पहिल्यांदा केव्हा दिसतो, ही पहिली तारीख. ती कथा स्वतः पहिल्यांदा केव्हा सांगितली गेली, ही दुसरी. दुसऱ्या तारखेचा विचार लोक सहसा करत नाहीत, आणि पुष्कळ कथा नेमक्या तिथेच अडकतात.

आपल्या ‘पॉश’पासूनच सुरुवात करू. कथा अशी की इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर पूर्वेकडे जाताना डावी बाजू उत्तरेला, म्हणून सावलीची, आणि परत जाताना उजवी बाजू सावलीची. श्रीमंत उतारू जाताना ‘पोर्ट’ आणि येताना ‘स्टारबोर्ड’ बाजूची खोली जादा पैसे मोजून घेत आणि त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची चार आद्याक्षरे छापलेली असत. यातला सावलीचा भाग भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आहे, आणि म्हणूनच ही कथा इतकी पटते. परंतु तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर कोणाला मिळालेले नाही, कंपनीच्या दप्तरातही अशा प्रथेची नोंद नाही. शब्द मात्र ‘ऐटबाज’ या अर्थाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वापरात होता, आणि ‘छानछोकी करणारा माणूस’ या अर्थाने तो १८९० च्या आसपासच्या बोलीभाषेच्या कोशातही सापडतो. तिकिटाची कथा छापील स्वरूपात दिसते ती १९३५ साली. म्हणजे शब्द रुळून कित्येक वर्षे झाल्यानंतर कोणाला तरी त्याचा जन्म आठवला! रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्ध्या पेनीचे नाणे, त्यावरून पैसा आणि पैशावरून ऐट, असा एक मार्ग अभ्यासक सुचवतात. तो संभाव्य आहे, सिद्ध नाही. वर्गात एवढेच सांगावे की या शब्दाचा उगम अनिश्चित आहे. मुलांना ‘अनिश्चित’ हे उत्तर चालते, मोठ्यांनाच ते चालत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ, कारण तारखेची कसोटी इथे फार चोख लागते. वलांडीवर वाळवलेल्या बोंबलाला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. मासा आणि बदक यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि त्याचे तयार उत्तर असे की सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जात, डब्यात दर्प भरून राही, म्हणून त्या वासाला आणि मग त्या मालालाच ‘बॉम्बे डाक’ म्हणू लागले आणि ‘डाक’चे ‘डक’ झाले. मुंबईची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि तेव्हा ती ३४ किलोमीटरच गेली. ‘बॉम्बे डक’ हे शब्द इंग्रजी छपाईत त्याच्या आधीपासून आहेत. गाडी सुटण्यापूर्वीच तिच्या डब्यातला वास भाषेत शिरला, असे मानल्याशिवाय ही कथा तरत नाही. कोणी म्हणेल की डाक रेल्वेच्या आधीही होती, घोड्यावरून आणि हरकाऱ्यांच्या खांद्यावरून जात होती. ते खरे, पण मग कथेचा सारा डोलारा ज्या डब्यावर उभा आहे तो डबाच निघून जातो. ‘डक’ कुठून आले याचे निर्विवाद उत्तर कोशांकडे नाही. गंमत अशी की १८८६ साली निघालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात मुंबई इलाख्यातल्या इंग्रज अंमलदारांनाही ‘डक्स’ म्हणत असल्याची नोंद आहे, आणि ते टोपणनाव या माशावरूनच पडले असावे असे कोशकर्त्यांचे मत आहे. त्याच माशाचे इंग्रजीतले दुसरे नाव ‘बमलो’. ते मात्र सरळ आपल्या बोंबलावरून आलेले दिसते.

आद्याक्षरांच्या कथांबद्दल एक सरसकट सावधगिरी सांगून ठेवतो. ‘गोल्फ’ म्हणजे ‘फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मज्जाव’, ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, ‘टिप’ म्हणजे तत्पर सेवेसाठी दिलेले पैसे, असे संदेश आपल्यालाही आले असतील. तिन्ही खोटे आहेत. स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली तीच मुळी १४५७ साली, कारण लोक खेळात रमून धनुर्विद्येचा सराव टाळत होते. आणि ‘न्यूज’ हे ‘न्यू’चे जुने अनेकवचन आहे. आद्याक्षरे जोडून उच्चारता येण्याजोगा शब्द घडवण्याची टूम इंग्रजीत खरी फोफावली ती विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या आगेमागे. ‘रडार’ १९४० च्या सुमाराचा, ‘लेझर’ त्यानंतरचा. त्याहून जुन्या शब्दाची आद्याक्षरी कथा आली की ती खोटी धरून चालावे आणि खरी ठरलीच तर आश्चर्य करावे.

तसे आश्चर्य एका शब्दाच्या बाबतीत करावे लागते, आणि तो जगातल्या सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या शब्दांपैकी आहे. १८३०-४० च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांतून मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्यांची आद्याक्षरे वापरण्याचे खूळ निघाले होते. ‘ऑल करेक्ट’ हे ‘ओ’ आणि ‘के’ने लिहायचे आणि वर त्याची आद्याक्षरे करायची, हा त्यातलाच एक विनोद. तो ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये २३ मार्च १८३९ रोजी छापला गेला. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावासाठी तीच अक्षरे उचलली आणि ‘ओके’ देशभर पोहोचला. इतर सारे विनोद मेले, हा एक जगला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुन्या अंकांची चाळण करून हे सिद्ध केले. तोवर या शब्दाच्या जन्माच्या कितीतरी वेगवेगळ्या कथा ठामपणे सांगितल्या जात होत्या.

काही कथा तारखेच्या कसोटीवर पकडता येत नाहीत, कारण शब्द लॅटिनइतका जुना असतो. तेथे शब्दाचे मूळ रूप पाहावे. ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेणाविना’, कारण लबाड शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत आणि प्रामाणिक शिल्पकार तसे करत नसत, ही कथा फार लोकप्रिय आहे आणि भाषणांत तर हमखास येते. लॅटिनमध्ये ‘सिन्सेरुस’ हे शुद्ध, निर्भेळ या अर्थाचे अखंड विशेषण होते. मेण त्याला नंतर चिकटवले गेले. ‘सॅलरी’चे प्रकरण थोडे वेगळे आहे. हा शब्द मिठाच्या लॅटिन नावावरून आला हे खरे, रोमन सैनिकांना पगार म्हणून मिठाच्या गोण्या मिळत हे मात्र कोणत्याही प्राचीन आधाराने सिद्ध होत नाही. अशा वेळी पहिला अर्धा भाग सांगावा आणि दुसरा गाळावा.

आपण ज्या प्रकारचे शब्द शोधता, त्यांत मी ‘डुलॅली’ या शब्दाला अगदी वरचे स्थान देईन. इंग्लंडमध्ये एखाद्याचे डोके फिरले असे म्हणायचे असेल, तर ‘तो डुलॅली झाला’ असे आजही म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला आपण नाशिकजवळच्या एका गावाचे नाव घेत आहोत याची बहुधा कल्पना नसते. हा शब्द म्हणजे आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश फौजेची तेथे छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी परतण्यासाठी देवळालीत आणून ठेवले जात आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची वाट पाहत. ही सैनिकी जहाजे बारमाही नव्हती. पावसाळा टाळून ठरावीक महिन्यांतच त्यांची ये-जा चाले. हंगामाच्या अखेरीस मुदत संपलेल्या माणसाचे जहाज चुकले, तर त्याला पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत कित्येक महिने तेथेच काढावे लागत. घरी जायचे ठरलेले, करायला काम नाही, हातात साठलेला पगार आणि जवळ दारू. फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या हिंदुस्थानातील आठवणींत या रिकाम्या महिन्यांचे वर्णन केले आहे : एरवी निष्कलंक नोकरी केलेली माणसे तेथे गुन्हे करून तुरुंगात गेली, कोणी गुप्तरोग जोडून घेतले, आणि जे विचित्र वागू लागले त्यांच्याविषयी इतर म्हणत की याला ‘डुलॅली टॅप’ झाला.

या जोडशब्दातला ‘टॅप’ आपल्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला कळेल, कारण तो इंग्रजी नळ नाही, आपला ताप आहे. देवळालीचा ताप! पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि एकटे गावाचे नाव वेडेपणाच्या अर्थाने उरले. आता इथेही एक गोड फाटा फुटलेला आहे. देवळालीत मोठे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द पडला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. छावणीला दवाखाना असणार यात नवल नाही, पण रिचर्ड्ससारखा छावणीतला माणूस जे कारण देतो ते जहाजाच्या प्रतीक्षेचे आहे, आणि ते शब्दातल्या ‘ताप’शी जुळतेही. मी फळ्यावर हेच लिहीन.

ज्या शब्दांचा जन्म डोळ्यांदेखत झाला, त्यांच्या बाबतीत तर शंकेला जागाच नसते, म्हणून पुढचे काही आठवडे आपण असेच शब्द घ्यावेत, असे सुचवतो. वर्गाचा विश्वास परत मिळवण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. ‘पेट्रिकोर’ हा कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाचा शब्द घ्या. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’ या नियतकालिकातल्या लेखात तो घडवला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे ग्रीक पुराणांतल्या देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले हाच वास चंदनाच्या तेलात धरून ‘मिट्टी का अत्तर’ करतात, याची नोंदही त्यांनी लेखात घेतली आहे. ‘सेरेंडिपिटी’ म्हणजे शोधत नसताना काही चांगले हाती लागणे. होरेस वॉलपोल यांनी २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात हा शब्द आपण कसा बनवला ते स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि त्यातला ‘सेरेंडिप’ म्हणजे श्रीलंका. ‘मॉन्डेग्रीन’ म्हणजे गाण्याचे शब्द चुकीचे ऐकू येणे. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेला लहानपणी एका स्कॉटिश पोवाड्यात सरदाराबरोबर ‘लेडी मॉन्डेग्रीन’ नावाची बाईही मारली गेली असे वाटत असे. प्रत्यक्षात ओळ होती की त्याला मारून हिरवळीवर निजवले, ‘लेड हिम ऑन द ग्रीन’. तिने १९५४ साली या चुकीला त्या बाईचेच नाव दिले. हा शब्द दिल्यावर तास आटोपत नाही, कारण प्रत्येक मुलाजवळ आपली एक मॉन्डेग्रीन असते. तेवढी तयारी ठेवावी.

‘बॉयकॉट’ आपल्याला फार परिचित म्हणून वगळू नये, कारण त्याचा इतिहास महिन्यांच्या हिशोबात सांगता येतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींची व्यवस्था कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असत. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, ती पुरेशी मिळाली नाही आणि कुळांना जमिनीवरून हटवण्याच्या नोटिसा निघाल्या. त्याच सप्टेंबरात आयरिश नेते पार्नेल यांनी, अन्याय करणाऱ्याला हात न लावता सर्वांनी वाळीत टाकावे, असे जाहीर सभेत सांगितले होते. लोकांनी तेच केले. शेतमजूर कामावर येईनात, दुकानदार माल देईनात, टपाल पोहोचेना. शेवटी उभे पीक काढण्यासाठी उत्तरेकडून पन्नासेक स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला जवळजवळ हजार सैनिक व पोलीस लागले. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च बंदोबस्तावर झाला. ते वर्ष संपण्यापूर्वीच बॉयकॉट यांचे आडनाव इंग्रजी वर्तमानपत्रांत क्रियापद झाले होते.

मुलांना स्वतः शोध लावू द्यायचा असेल, तर ‘निकनेम’, ‘एप्रन’ आणि ‘अंपायर’ हे तीन शब्द एकत्र द्यावेत. इंग्रजीतल्या ‘अन’ या उपपदातला ‘न’ कधी पुढच्या शब्दाला चिकटतो, कधी त्याचा ‘न’ पळवतो. मध्ययुगीन इंग्रजीत जादा नावाला ‘ईक नेम’ म्हणत. ‘अन ईक नेम’ म्हणता म्हणता ‘न’ पुढे सरकला. उलट ‘नेप्रन’ आणि ‘नूम्पेर’ यांनी आपला पहिला ‘न’ उपपदाला देऊन टाकला. याच ओळीत ‘ऑरेंज’ही सांगितला जातो, पण तेथे थोडे सांभाळावे. संस्कृत ‘नारंग’ फारसी आणि अरबीमार्गे युरोपात गेला हे निश्चित आहे, स्पॅनिशमध्ये आजही ‘नारांखा’ म्हणून त्याचा ‘न’ शाबूत आहे. परंतु तो ‘न’ इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच फ्रान्स-इटलीच्या बाजूला गळालेला होता. इंग्रजीला त्याचे श्रेय देऊ नये.

लांबलचक शब्दांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण मुलांचा आनंद हिरावून घेण्याइतके प्रतिकूलही नाही. तो पंचेचाळीस अक्षरी ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस’ १९३५ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी केवळ सर्वांत लांब शब्द असावा म्हणून रचला. फुप्फुसाच्या त्या आजाराला डॉक्टर ‘सिलिकोसिस’च म्हणतात. हे सांगून शब्द द्यायला हरकत नाही. त्याऐवजी मी चार अक्षरांचा ‘डॉर्ड’ देईन. वेबस्टरच्या मोठ्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत या शब्दाचा अर्थ ‘घनता’ असा छापला होता, आणि असा शब्द इंग्रजीत कधीच नव्हता. भौतिकशास्त्रात घनतेसाठी मोठा किंवा छोटा ‘डी’ वापरतात, अशा अर्थाची ‘डी ऑर डी’ लिहिलेली चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि टंकलेखनात मधली अंतरे नाहीशी झाली. १९३९ साली एका संपादकाचे लक्ष गेले, ते या नोंदीला व्युत्पत्तीच दिलेली नाही म्हणून. नामांकित कोशातही भूत शिरू शकते, हे मुलांनी जाणावे. आणि ते व्युत्पत्ती विचारल्यामुळे पकडले गेले, हेही.

आता रोजच्या कामाचे. ऑक्सफर्डच्या कोशाला वर्गणी पडते. मेरियम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर मात्र शब्दाच्या पहिल्या ज्ञात वापराचे साल बहुतेक नोंदींत विनामूल्य मिळते आणि डग्लस हार्पर यांचा ऑनलाइन एटिमॉलॉजी कोशही खुला आहे. भारतीय वळणाचा शब्द असेल, तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘हॉब्सन-जॉब्सन’ आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही चाळता येतात. फळ्यावर शब्द आणि अर्थ यांच्याखाली ‘पहिली नोंद’ अशी तिसरी ओळ वाढवावी आणि उगमापुढे ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘दंतकथा’ यांपैकी एक शिक्का मारावा. एकाच शब्दाच्या दोन भागांना दोन शिक्के पडू शकतात. उदाहरणार्थ, ‘डंगरी’ हे वस्त्र जाड्याभरड्या सुती कापडाच्या भारतीय नावावरून आले, हे निश्चित. ते नाव मुंबईच्या डोंगरी भागावरून पडले, हे फार तर संभाव्य. दंतकथा वर्ज्य करू नयेत, शिक्क्यासह सांगाव्यात. ‘पॉश’ पुन्हा एकदा फळ्यावर घ्यावा, आणि तो तास त्या मुलाकडे द्यावा. त्याने काय उतरवून आणले ते त्याने स्वतः वाचून दाखवावे, आपण फक्त तारखा फळ्यावर लिहाव्यात. मागे सांगितलेल्या इतर गोष्टींचे पुनर्तपासणीचे काम मग मुलांच्या गटांना वाटून देता येईल, आणि ते आपल्याला एकटीला उपसावे लागणार नाही.

राहिला मॉन्गूस. त्याचे अनेकवचन ‘मॉन्गूसेस’. ‘गूस’चे ‘गीस’ होते ते जुन्या जर्मानिक भाषांपासून चालत आलेल्या स्वरबदलामुळे, ‘फूट’चे ‘फीट’ आणि ‘टूथ’चे ‘टीथ’ होते त्याच नियमाने. मॉन्गूसमध्ये तो गूस मुळात नाहीच. हा शब्द इंग्रजीने सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावरून उचलला, बराच काळ तो निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिला गेला आणि शेवटी ओळखीच्या पक्ष्याच्या नावासारखा दिसू लागला. कोशात त्याचे मूळ मराठी ‘मुंगूस’ असेच दिलेले आहे. त्या मुलाला पान उघडून स्वतः पाहू द्यावे.